वेशीवर थांबून विचारावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : खानापूरच्या जंगलपट्ट्यातील ‘संस्कृती दर्शन’ सहली

गेल्या काही महिन्यांपासून खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटाच्या बाजूला, ‘दोन दिवस, एक रात्र, आदिवासी संस्कृतीचा अस्सल अनुभव’ अशा मजकुराच्या सहलींच्या जाहिराती वृत्तपत्रांतून पडणाऱ्या पत्रकांत आणि मोबाईलवर दिसू लागल्या आहेत. या जाहिरातींत आदिवासी म्हणून ज्यांची छायाचित्रे छापली आहेत ती मंडळी बहुतांशी गवळी धनगर आहेत, म्हशी पाळून आणि दूध, लोणी विकून संसार करणारी आहेत, आणि त्यांच्यातील कित्येकजण माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांपैकी एकाने तशीच एक जाहिरात पाहून मला फोन केला आणि विचारले, ‘‘गुरुजी, आमचा अनुभव घेतात म्हणजे नक्की काय घेतात हो?’’ त्याचा प्रश्न भोळेपणाचा होता की खोचक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याला फोनवर उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले तर संपादकांनी कात्री जरूर चालवावी.

असा अनुभव घ्यायला मी स्वतःही एकदा गेलो होतो, हे आधीच कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीकडे कॅनडातील ओंटारियो प्रांतात चार महिने राहण्याचा योग आला. सप्टेंबरमध्ये तिने आम्हा उभयतांना उत्तरेकडे, जेम्स बे नावाच्या उपसागराजवळच्या मूस फॅक्टरी या क्री लोकांच्या गावी नेले. क्री हा कॅनडातील मूळ रहिवाशांचा एक मोठा समाज. क्वीबेकपासून अल्बर्टापर्यंत त्याची वस्ती पसरलेली आहे. मूस फॅक्टरीला जायला रस्ता नाही. टोरंटोहून सुमारे सातशे किलोमीटर मोटारीने कॉक्रेनपर्यंत जायचे आणि तिथून आगगाडीने आणखी सुमारे तीनशे किलोमीटर, पाच तास, दलदलीतून आणि स्प्रूसच्या खुरट्या जंगलातून मूसोनी या शेवटच्या स्थानकावर पोहोचायचे. हा लोहमार्ग १९३२ मध्ये पूर्ण झाला. गाडीचे नाव ‘पोलर बेअर एक्सप्रेस’ आहे, मात्र वाटेत पांढरे अस्वल काही दिसत नाही. दिसतात ते पिठाची पोती, मुलांचे डायपर, टायर आणि होड्या घेऊन घरी परतणारे लोक. लोंढ्याच्या पॅसेंजरमधून फणस आणि कोंबड्या घेऊन प्रवास केलेल्या माणसाला त्या डब्यात परके वाटण्याचे कारणच नव्हते.

मूसोनीहून नदी ओलांडून बेटावरच्या मूस फॅक्टरीला जावे लागते. उन्हाळ्यात मोटार लावलेल्या लांबट होड्या चालतात, हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरूनच मोटारींचा रस्ता होतो, आणि बर्फ धरताना किंवा फुटताना जे काही आठवडे धड पाणी नाही आणि धड बर्फ नाही अशी अवस्था असते तेव्हा हेलिकॉप्टरखेरीज मार्ग नसतो. मी नोकरीची नऊ वर्षे भीमगडच्या जंगलातील ज्या एकशिक्षकी शाळेत काढली, तिथे जून ते सप्टेंबर नाल्यावरच्या लाकडी साकवाखेरीज वाट नव्हती, आणि साकव वाहून गेला की आजारी माणसाला कांबळ्याच्या झोळीत घालून दोघांनी खांद्यावर न्यावे लागे. आमच्याकडे हेलिकॉप्टर आले नाही, एवढाच काय तो फरक.

गावाच्या नावातील ‘फॅक्टरी’ म्हणजे कारखाना नव्हे, तर वखार. हडसन्स बे कंपनीने १६७३ मध्ये तिथे वखार घातली ती बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारासाठी, कारण युरोपात त्या कातड्यांच्या केसांपासून टोप्या बनत. या कंपनीला १६७० मध्ये सनद देणारा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स म्हणजे ज्याने त्याच्या दोन वर्षे आधी मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली तोच. १६७३ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने आठवते: शिवराज्याभिषेकाला एक वर्ष अवकाश होता आणि मराठ्यांच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली तेव्हा तिथल्या इंग्रजांच्या वखारीलाही झळ बसली होती. एकाच राजाच्या सनदांवर चाललेल्या दोन वखारी, एक आमच्या उंबऱ्याशी आणि एक बर्फाच्या समुद्राच्या काठी, हे मला होडीत बसल्या बसल्या सुचले आणि मी ते मुलीला सांगू लागलो, तर ती म्हणाली, ‘‘बाबा, आधी कानटोपी घाला.’’

आम्ही उतरलो ते निवासस्थान मोक्रीबेक नावाच्या क्री मंडळींच्या स्वतःच्या संघटनेने बांधलेले आणि चालवलेले होते. ते २००० साली सुरू झाले. कोणती खोली कोणत्या भाड्याने द्यायची, पाहुण्यांना जेवायला काय वाढायचे, कुठे न्यायचे आणि कुठे न्यायचे नाही, हे तेच ठरवतात. पाहुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, ते पहिल्याच संध्याकाळी कळले. नदीकाठी एक वृद्ध गृहस्थ मासे पकडण्याचे जाळे दुरुस्त करीत बसले होते. उजेड सुंदर पडला होता, आणि मी सवयीने मोबाईल काढून त्यांचे छायाचित्र घेतले. आमच्या होडीवाल्याने ते पाहिले. तो रागावला नाही, आवाजही चढवला नाही, फक्त म्हणाला, ‘‘त्यांना विचारलेत का?’’ मला परत जाऊन विचारावे लागले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, हसले आणि ‘नको’ म्हणाले. मी त्यांच्यासमोर ते छायाचित्र पुसून टाकले, तेव्हा त्यांनी जाळ्याची गाठ कशी मारतात ते मला दाखवले. पन्नास-साठ वर्षे वयाच्या मुलांच्या गुरुजीला कुणी ‘नको’ म्हणण्याचा प्रसंग अलीकडे क्वचितच आला होता, त्यामुळे तो चांगलाच लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका शंकूच्या आकाराच्या राहुटीत जेवण होते. जमिनीवर स्प्रूसच्या ताज्या डहाळ्या इतक्या नेटक्या अंथरल्या होत्या की त्यांची सारी टोके एकाच दिशेला होती. मधोमध विस्तव, आणि वर आडव्या दांडीला दोरीने बांधून लोंबकळत ठेवलेले रानहंस. क्री भाषेत या हंसाला ‘निस्का’ म्हणतात, आणि भाजण्याच्या या रीतीला ‘सगाबोन’. राहुटीतील आजी दर दोन मिनिटांनी दोरीला बोटांनी एक पीळ देत. पीळ सुटेपर्यंत हंस एका अंगाने फिरे, मग आपल्याच वेगाने उलट्या अंगाने फिरे, आणि त्याची चरबी खालच्या ताटलीत थेंब थेंब पडत राही. बोलणे चालू असतानाही आजींचा हात वेळ चुकत नसे. आमची मंडळी माळकरी. त्यांनी संकोचाने पाव तरी चालेल का विचारले, तेव्हा त्या आजींनी आपण होऊन सांगितले की बॅनॉक या त्यांच्या जाड भाकरीतही डुकराची चरबी घातलेली असते, तेव्हा तीही तुम्हाला चालायची नाही. मग उकडलेले बटाटे, रानातली निळी फळे आणि काळा चहा पुढे आला. पाहुणीला न कळता तिचा नियम मोडू नये याची काळजी वाहणारी ती बाई मला सोवळ्याच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या माझ्या आत्याची आठवण करून गेली.

वसंतात हंसांचे थवे उत्तरेकडे परततात, त्या वेळी जेम्स बेच्या काठावरील क्री शाळांना ‘गूज ब्रेक’ नावाची सुट्टी असते. मुले आई-वडिलांबरोबर शिकारीच्या तळावर जातात. आपल्याकडे सुगीच्या दिवसांत शाळा आपोआप ओस पडतात आणि शिक्षकाला मात्र हजेरीपटाचा खुलासा लिहावा लागतो. सुट्टी रीतसर दिली असती तर माझे कितीतरी खुलासे वाचले असते.

मी तिथे गेलो होतो ते खरे सांगायचे तर राहुट्या, पिसांचे मुकुट आणि ढोल पाहायला. माझ्या डोक्यातले चित्र सिनेमातून आलेले होते. पिसांचे मुकुट तिथे नव्हतेच. त्यांनी मला दाखवले ते वेगळेच. एक जुने चर्च होते, त्याच्या जमिनीच्या लाकडी फळ्यांना पूर्वी भोके पाडून त्यांत बुचे बसवली होती, कारण नदीला पूर आला की बुचे काढून पाणी आत घ्यायचे, नाहीतर इमारतच तरंगून वाहून जायची. निवासी शाळेची जागा होती. ती दाखवताना होडीवाला फार बोलला नाही. कॅनडात अशा शाळांत मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना घरापासून तोडून ठेवण्यात आले, आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या. या शाळांबद्दल तेथील सरकारने ११ जून २००८ रोजी संसदेत माफी मागितली, आणि २०१५ मध्ये सत्यशोधन व समेट आयोगाने आपल्या अहवालात या प्रकाराला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटले. शिक्षक म्हणून मी तिथे मान खाली घालून उभा राहिलो. त्या जागेचे छायाचित्र घेऊ का, असे विचारण्याचेही धाडस झाले नाही.

मात्र एक गोष्ट त्यांनी अगदी उत्साहाने दाखवली, आणि ती मराठी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ती म्हणजे त्यांची लिपी. भिंतीवर एक तक्ता होता, आणि मी तो लांबून पाहताच ओळखले की ही बाराखडी आहे. अक्षरांचे आकार मला अनोळखी होते, पण मांडणी तीच: एका ओळीत एक व्यंजन आणि पुढे त्याची स्वरांप्रमाणे बदलणारी रूपे. आपण व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी जोडतो. ते अक्षरच फिरवतात. नुसत्या एका कोनाचे टोक वर केले की ‘पि’, खाली केले की ‘पे’, उजवीकडे वळवले की ‘पो’ आणि डावीकडे वळवले की ‘प’. स्वर दीर्घ असेल तर डोक्यावर एक टिंब. आपले अर्धे अक्षर जसे, तसे त्यांच्याकडे लहान करून वर लिहिलेले अक्षर असते.

ही लिपी जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास मॅनिटोबातील नॉर्वे हाऊस येथे छापण्यास आणली. चहाच्या पेट्यांच्या अस्तराचे शिसे वितळवून त्याने तिचे खिळे ओतले होते. तिच्या घडणीत पिटमनच्या लघुलिपीचा आणि आपल्या देवनागरीचा प्रभाव असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. क्री लोकांत दुसरी परंपराही सांगितली जाते: कॉलिंग बॅजर या नावाने इंग्रजीत ओळखला जाणारा एक पुरुष मृत्यूच्या पलीकडे जाऊन परत आला आणि ही अक्षरे घेऊन आला. दोन्हींपैकी कोणती गोष्ट खरी, हे पाहुण्याने ठरवण्याचे काम नव्हे. एवढे मात्र खरे की ही लिपी मिशनऱ्यांपेक्षा क्री लोकांनीच एकमेकांना शिकवून फार झपाट्याने पसरवली, आणि १९०५ मध्ये मूस फॅक्टरीवर सरकारशी ‘तह क्रमांक ९’ झाला तेव्हा त्या कागदावर काही क्री प्रतिनिधींच्या सह्या याच अक्षरांत पडल्या.

मी बरोबर नेलेली अंकलिपी आजींच्या नातीला दिली. तिने ‘प, पा, पि, पी’ या ओळीवर बोट ठेवले, भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि काही न बोलता आपल्या वहीत तीच ओळ तिच्या अक्षरांत उतरवली. नंतर मी तिला माझ्या गावाचे नाव लिहायला सांगितले. क्री भाषेत ब आणि प, ग आणि क यांत भेद नाही, त्यामुळे बेळगावचे ‘पेलकाव’ झाले. शेवटच्या ‘व’साठी तिने वर एक चिमुकले वर्तुळ काढले. त्यातला ‘ल’ मूस फॅक्टरीच्या बोलीला घरचाच. याच भाषेच्या पश्चिमेकडील मैदानी बोलीत ‘मी’ला ‘नीय’ म्हणतात, मूस फॅक्टरीत ‘नील’ आणि जवळच्याच दलदली भागात ‘नीन’. बेळगावची मराठी ऐकून पुण्याच्या पाहुण्यांच्या भुवया उंचावतात, त्यांना हे उदाहरण सांगायला मला यापुढे आवडेल.

आता आपल्याकडील सहलींकडे वळतो. माझा पर्यटनाला विरोध नाही. जंगलातील गावांत रोजगार नाही, तरुण मुले गोव्यात हॉटेलांत राबायला जातात, आणि घरच्या म्हशीच्या दुधाला चार पैसे जास्त मिळाले तर कुणाला नको आहेत? माझी तक्रार एवढीच आहे की या सहलींत गावाला ‘नको’ म्हणण्याची सोय नाही. गाडी बेळगावहून किंवा पणजीहून निघते, पैसे तिथेच घेतले जातात, आणि गावात उतरल्यावर म्हशी धुणाऱ्या बाईसमोर दहा मोबाईल उगारले जातात. एका वस्तीवर तर घरावर ड्रोन फिरवल्याने म्हशी बिथरून रानात पळाल्या आणि त्या शोधून आणायला दोन दिवस लागले. शिमग्यात आणि दसऱ्याला जे नाच देवासमोर होतात ते शनिवारी रात्री शेकोटीभोवती करून दाखवावेत, अशी मागणी होते. त्या नाचाला दिवस ठरलेला असतो, मानकरी ठरलेले असतात आणि गाऱ्हाणे घातल्याशिवाय तो सुरू होत नाही, हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

आम्हा सीमाभागातल्या लोकांना पाहायला येणाऱ्यांची सवय नाही असे नाही. १९५६ पासून किती शिष्टमंडळे, किती समित्या आणि किती नेते येऊन आमच्या डोळ्यांतले पाणी पाहून गेले, याचा हिशेब कुणी ठेवला असेल तर तो छापण्यासारखा होईल. आपल्याला कुणी ‘पाहायला’ आले म्हणजे कसे वाटते, ते आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरीही आपल्याच शेजारच्या गवळीवाड्यावर जाताना आपण ते विसरतो, याचे आश्चर्य वाटते.

माझ्या सूचना साध्या आहेत. सहली चालवायच्याच असतील तर त्या गावाच्या ग्राम अरण्य समितीने किंवा ग्रामपंचायतीने ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या संख्येत आणि ठरवलेल्या दराने चालाव्यात, आणि पैसा आधी गावाच्या खात्यात जमा व्हावा. वाट दाखवायला गावातलाच मुलगा किंवा मुलगी असावी, आणि त्यांना त्यासाठी वनखात्याने रीतसर शिकवावे. रानातली कोणती पालेभाजी कोणत्या नक्षत्रात खावी, अस्वलाचा माग कसा ओळखावा, हे त्यांना शिकवण्याची गरज पडणार नाही, हिशेब आणि प्रथमोपचार शिकवले तरी पुरे. छायाचित्रापूर्वी विचारावे, आणि ‘नको’ म्हटले तर आग्रह करू नये. काय दाखवायचे हे गावाने ठरवावे. माझा अंदाज असा की गावकरी पहिल्यांदा वाहून गेलेला साकव दाखवतील, मग दोन मुलांवर आलेली मराठी शाळा दाखवतील, आणि जंगल सोडून स्थलांतर करायचे की नाही यावरून घराघरांत चाललेला वाद ऐकवतील. शहरातल्या पाहुण्याला यात गंमत वाटणार नाही कदाचित. मलाही चर्चच्या बुचांत आधी काही गंमत वाटली नव्हती.

सध्या आमच्या बाजूच्या काही गावांत लक्ष्मीच्या यात्रेपूर्वीचे वार पाळले जात आहेत. वाराच्या दिवशी शेतातली कामे बंद असतात. मागच्या वारी दोन मोटारी भरून पाहुणे आले आणि ‘एवढ्या लांब आलो आहोत, नांगर तरी चालवून दाखवा’ म्हणून तासभर हुज्जत घालत बसले. यात्रा होईपर्यंत सहलीच्या आयोजकांनी निघण्यापूर्वी गावात एक फोन करून वार कोणता हे विचारून घ्यावे, एवढे आपल्या दैनिकातून कळवावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव